मोपा विमानतळावरच्या त्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

त्या रात्री गोव्याच्या मोपा विमानतळावरून हैदराबादच्या विमानाची वाट बघत तुम्ही आमच्या समोर बसला होता. पांढरा बुशशर्ट, मांडीवर निळी कापडी पिशवी. मी डिचोलीची, सोबत माझी 74 वर्षांची आई. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तिच्या डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ होती. गडबडीत तुमचं नाव विचारायचं राहिलं, म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहिते आहे.

विमान रात्री 9.05 चं. आधी अर्धा तास उशीर, मग एक तास, आणि पावणेअकराला फलकावर एकदम पहाटेचे 5.40. आईला मधुमेह. साडेपाचला घरून खाऊन निघालेली ती, आणि पिशवीत बिस्किटांचा अर्धा पुडा. काउंटरवरच्या मुलीला मी "जरा बघा ना, म्हातारं माणूस आहे" म्हणून विनवत होते. ती बिचारीही दुपारपासून उभी होती.

तुम्ही उठून आलात. कोकणीत, आवाज जराही न चढवता तिला विचारलंत, की अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला दोन तास उशीर झाला की खाणंपिणं द्यायचं असतं, ते कुठे आहे? आणि रात्री आठ ते पहाटे तीनमध्ये सुटणारं विमान सहा तासांहून जास्त लांबलं तर हॉटेल आणि ने-आण करायला गाडी, ती कधी येणार? मॅनेजर आले ते "हवामान" म्हणतच. घोषणा मात्र तांत्रिक बिघाडाची झाली होती. तुम्ही म्हणालात, "मग कारण लेखी द्या." पंधरा मिनिटांत जेवणाची पाकिटं आली. आईने पहिला घास घेतला तेव्हा माझे हात थरथरत होते.

ती जेवत असताना तुम्ही माझ्या बोर्डिंग पासच्या मागे लिहून दिलंत: डीजीसीए, सेक्शन 3, सिरीज एम, पार्ट 4. म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचा हा नियम. नुसते हक्क सांगून थांबला नाहीत, त्यांच्या मर्यादाही सांगितल्यात, याचं मला फार मोल वाटतं. देशांतर्गत विमानाला नुसता उशीर झाला तर आपल्या नियमात रोख भरपाई नाही. सहा तासांहून जास्त उशीर असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा मागता येतो. न कळवता विमान रद्द झालं तर प्रवासाच्या वेळेनुसार 5,000, 7,500 किंवा 10,000 रुपये, किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यांतलं जे कमी असेल ते. वादळपावसासारख्या कारणाने रद्द झालं तर तेही नाही. लिस्बनहून येणाऱ्या तुमच्या पुतण्याचं ऐकून मात्र मी थक्क झाले. युरोपीय संघातून निघालेलं विमान कंपनीच्या हातातल्या कारणाने तीन तास उशिरा पोचलं, तर अंतराप्रमाणे 250 ते 600 युरो!

मग तुम्ही माझं तिकीट बघितलंत. "बाय, हा मोबाईल कोणाचा?" एजंटने स्वतःचा नंबर घातला होता. उशिराचा मेसेज त्याला गेला, आणि तो झोपला होता. तिकीट काढताना स्वतःचा संपर्क दिलेला नसेल तर कंपनी भरपाई नाकारू शकते, हे मला तोवर कुणीच सांगितलं नव्हतं. परत आल्यावर मी त्या एजंटकडे गेले. आता तो प्रत्येक तिकिटावर प्रवाशाचाच नंबर घालतो. आमच्या वाड्यावर दोघांची मुलं दुबईला असतात, त्यांनाही सांगून आले.

आईला हॉटेलात तीन तास पाठ टेकता आली. आमची गाडी निघाली तेव्हा तुम्ही मात्र दारातच थांबला होता, तान्हं मूल घेतलेल्या त्या जोडप्याला गाडी मिळेपर्यंत. सकाळी विमानात मी तुम्हाला शोधलं, पण तुम्ही पार मागच्या रांगेत गाढ झोपला होता.

आईचं ऑपरेशन झालं, आता ती पेपर वाचते. तो बोर्डिंग पास तिने पोथीत ठेवलाय. काका, हे तुमच्यापर्यंत पोचलं तर डिचोलीला नक्की या. यंदाच्या कोकमाच्या आगळाची एक बाटली आईने तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवली आहे.

तुमची,
डिचोलीची बाय