तक्रार पत्र: ‘वन बेल्ट किट’मध्ये ब्रेकच्या व्हॅक्यूम पंपाचा विचारच केलेला नाही

तळोदा, जि. नंदुरबार
दि. ९ जून २०२५

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: सदोष ब्रॅकेट-पुली किटची रक्कम व दुरुस्तीचा खर्च परत मिळणे, आणि हे किट घेतलेल्या इतर ग्राहकांना लेखी सावध करणे याबाबत.

महोदय,

माझ्या डिझेल पिकअपसाठी मी आपल्याकडून ‘वन बेल्ट किट’ (एसी काढून इंजिनावर एकच बेल्ट ठेवण्यासाठीचे ब्रॅकेट-पुलीचे किट) ५,९०० रुपयांना मागवले. वस्तू फुटकी आली किंवा एखादा नट कमी भरला, अशी ही तक्रार नाही. किटची आखणीच धोक्याची आहे. ते बसवलेल्या गाडीचे ब्रेक पेडल चांदसैली घाटात, भरल्या मालासह उतारावर, कडक झाले. माझी पहिली तक्रार आपण ‘बेल्ट घट्ट करून बघा’ एवढ्या एका ओळीवर बंद केलीत. म्हणून आता सगळे सविस्तर लिहितो.

गाडी जुनी आहे. २५२३ सीसीचे चार सिलिंडरचे डीआय (सिलिंडरमध्ये थेट डिझेल फवारणारे) इंजिन, स्टिअरिंग साधे. आधीच्या मालकाने बाहेरून एसी बसवून घेतला होता आणि त्यासाठी एसीचा कॉम्प्रेसर व बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर दोन्ही एकाच बिडाच्या ब्रॅकेटवर चढवले होते. पुढे कॉम्प्रेसर जाम झाला, त्याच्या पुलीचे बेअरिंग ओरडू लागले आणि शेवटी ब्रॅकेटचा कान तडकला. नवा कॉम्प्रेसर, गॅस, पाइप, ब्रॅकेट हा खर्च मला झेपणारा नव्हता. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो, त्यामुळे एसी नकोसा कोणालाच नसतो. पण ही गाडी धडगाव भागातून आमचूरची पोती खाली तळोदा-नंदुरबारच्या बाजारात आणते. तिने रोज सकाळी सुरू व्हावे आणि संध्याकाळी घरी यावे, हे एसीपेक्षा महत्त्वाचे. जे लागत नाही ते काढावे, दोन बेल्टांच्या जागी एकच ठेवावा, ब्रॅकेट साधे असावे, हा विचार मला आजही पटतो. भाग कमी तर बिघाड कमी, आणि रस्त्यात काही झालेच तर दोन पान्यांत काम होते. आपल्या जाहिरातीत नेमके हेच होते: एसी काढा, एकच बेल्ट ठेवा, सर्व डीआय इंजिनांना चालते.

आता तो एक बेल्ट माझ्या इंजिनात काय काय फिरवतो ते पाहा. इंजिनाच्या मुख्य शाफ्टवरच्या क्रँक पुलीवरून तो वॉटर पंपाला जातो आणि पंपाच्याच शाफ्टवर रेडिएटरचा पंखा आहे. तिथून तो अल्टरनेटरला जातो. अल्टरनेटरच्या पाठीला, त्याच्याच शाफ्टवर, ब्रेक बूस्टरचा व्हॅक्यूम पंप आहे. बूस्टर म्हणजे पायाचा जोर वाढवून ब्रेक हलका करणारा डबा, आणि तो पंपाने हवा ओढून केलेल्या पोकळीवर, म्हणजे व्हॅक्यूमवर, चालतो. पेट्रोल इंजिनात बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम हवा आत घेणाऱ्या मॅनिफोल्डमधून मिळतो. असल्या डिझेल इंजिनात हवा अडवणारा थ्रॉटल नसतो, म्हणून वेगळा पंप लागतो, आणि आपल्या देशातल्या कितीतरी डिझेल गाड्यांत तो अल्टरनेटरलाच जोडलेला असतो. अल्टरनेटरचा ब्रॅकेट हलवणे म्हणजे ब्रेकच्या व्यवस्थेला हात घालणे. एवढी मोठी गोष्ट असून आपल्या माहितीपत्रकात व्हॅक्यूम पंपाचे नाव एकदाही येत नाही. आपल्याकडे हे किट ज्यांनी आखले त्यांनी अल्टरनेटर मागून पाहिलाच नसावा, असे मला वाटते.

किट बसवताना आमच्या मिस्तरींनी तिन्ही पुल्यांच्या तोंडाला दोरा ताणून पाहिला आणि म्हणाले, “हाऊ बेल्ट सरळ नही शे, भाऊ.” क्रँक आणि वॉटर पंप एका रेषेत होते, अल्टरनेटरची पुली ६ मिमी पुढे आली होती. व्ही बेल्टला साधारण अर्ध्या अंशापर्यंतचा तिरकेपणा चालतो. ३०० मिमी अंतरावर अर्धा अंश म्हणजे अडीच मिमी. माझ्या गाडीत जवळपास तेवढ्याच अंतरावर त्याच्या दुपटीहून जास्त फरक होता. फूटपट्टी लावून फोटो काढला आणि आपल्या सेवा क्रमांकावर व्हॉट्सॲपने पाठवला. ‘थोडा फरक चालतो, बेल्ट आपोआप बसेल’ असे लेखी उत्तर आले. कंपनीच स्वतः सांगते आहे म्हटल्यावर गाडी रस्त्यावर आणली. तो संदेश सोबत जोडला आहे.

याहून गंभीर दोष अल्टरनेटरच्या जागेचा आहे. इंजिन सुटसुटीत दिसावे म्हणून आपण अल्टरनेटर आत आणि खाली ओढला आहे, क्रँक आणि वॉटर पंप यांना जोडणाऱ्या रेषेच्या अगदी जवळ. त्यामुळे बेल्टचा त्रिकोण चपटा झाला. तीन पुल्यांना बाहेरून वेढणाऱ्या बेल्टची पकड, म्हणजे तो पुलीला जितक्या कोनात टेकतो ते, तिघींत मिळून ३६० अंशच असते. एकीला कमी मिळाली की उरलेली दुसऱ्या दोघींकडे जाते. इथे सर्वांत लहान पुली अल्टरनेटरची, आणि कमी पकड नेमकी तिच्याच वाट्याला आली. बेल्ट जिथे पुलीला टेकतो आणि जिथे सोडतो तिथे खडूच्या खुणा करून मोजले. बेल्ट घेराच्या एक तृतीयांशालाही धरत नव्हता. हेडलाइट, हॉर्न, वायपर चालू असताना हाच अल्टरनेटर इंजिनाकडून बरीच ओढ घेतो, आणि वर व्हॅक्यूम पंपाचा भार असतोच. एवढ्याशा पकडीवर बेल्ट घसरणारच. घट्ट करून पाहायला सांगता, पण प्रमाणाबाहेर ताणलेला बेल्ट आधी वॉटर पंपाचे आणि मग अल्टरनेटरचे बेअरिंग खातो. पुलीची जागा चुकलेली असेल तर ताण वाढवून ती सुधारत नाही.

तिसरी गोष्ट ऑइलची. व्हॅक्यूम पंपाला इंजिनातून बारीक पाइपने ऑइल येते. ते ऑइल आणि पंपाने बूस्टरमधून ओढलेली हवा, दोन्ही जाड रिटर्न पाइपने परत चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत, जातात. हा पाइप सलग उतरता असावा लागतो, कारण ऑइल त्यात स्वतःच्या वजनानेच वाहते. आपल्या ब्रॅकेटने अल्टरनेटर इतका खाली आणला की रिटर्न पाइप आधी खाली लोंबतो आणि मग चेंबरच्या तोंडाकडे वर चढतो. त्या झोळात ऑइल साचून राहते, पंपाला हवा बाहेर टाकायला वाट राहत नाही, व्हॅक्यूम कमी तयार होतो आणि दाब सीलवर येतो. माझ्या अल्टरनेटरचे सील गेले, आतले ब्रश आणि वाइंडिंग ऑइलने भिजले. मिस्तरींनी तो उघडून दाखवला, त्याचेही फोटो जोडले आहेत.

किटच्या ब्रॅकेटच्या पट्टीची जाडी जाहिरातीत १० मिमी आहे, प्रत्यक्षात ५ मिमी भरली. बोल्ट ८.८ ग्रेडचे लिहिले होते, डोक्यावर कसलाच शिक्का नाही.

घाटातला प्रकार असा. धडगावहून माल भरून निघालो होतो, पोत्यांच्या मालकीणबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे वाढलेले होते. बेल्ट किंचाळला, चार्जिंगचा दिवा लागला आणि बेल्ट उलटून पुलीबाहेर गेला. बूस्टरमध्ये उरलेल्या व्हॅक्यूमवर एक-दोनदा ब्रेक नेहमीसारखा लागला, पुढे पेडल पायाखाली हलेना. बूस्टर गेला तरी ब्रेक पूर्ण जात नाहीत, पण पायाला कितीतरी पट जोर लावावा लागतो, आणि भरल्या गाडीत वळणाआधी तेवढा वेळ मिळेलच असे नाही. पहिला गिअर, हँडब्रेक आणि दोन्ही पायांचा जोर लावून डोंगराच्या बाजूला गाडी थांबवली. दरी दुसऱ्या बाजूला होती. त्या बाई काही बोलल्या नाहीत, खाली उतरून रस्त्याच्या कडेला बसून राहिल्या. त्यांना माझ्या भरवशावर गाडीत बसवले होते, आणि मी आपल्या भरवशावर गाडी चालवत होतो. याचे उत्तर मला आपल्याकडून हवे आहे.

‘फिटिंगमध्ये चूक असेल’ असे आपल्या प्रतिनिधीने फोनवर म्हटले. ब्रॅकेटची भोके आपण पाडलेली आहेत, मधले अंतर राखणारे स्पेसर आपण कापलेले आहेत. पुली कुठे येणार हे त्यांनीच ठरते, पाना धरणाऱ्या हाताने नाही.

हे काम कमी खर्चात नीट होऊ शकते, हेही सांगतो. मिस्तरींनी पुठ्ठ्याचा साचा कापला, इंजिनावर धरून पाहिला आणि १० मिमीच्या लोखंडी पट्टीतून नवा ब्रॅकेट काढून त्याला आडवा टेका वेल्ड केला. दोन स्पेसर दोऱ्याने मोजून लेथवर उतरवले. अल्टरनेटर वर आणि बाहेर घेतला, त्यामुळे पकड वाढली आणि रिटर्न पाइप पुन्हा उतरता झाला. बेल्ट एकच आहे, एसी नाही, सगळे सुटसुटीत आहे. पट्टी, कटिंग, लेथ, वेल्डिंग मिळून १,८०० रुपये लागले. हे पैसे मी आपल्याकडे मागत नाही, तो ब्रॅकेट माझा आहे. एका गावातल्या गॅरेजला जे सुचले ते आपल्या कारखान्याला सुचायला हवे होते.

माझी मागणी अशी. किटचे ५,९००, अल्टरनेटर व व्हॅक्यूम पंप दुरुस्तीचे ३,४०० आणि बेल्टचे ४५० असे एकूण ९,७५० रुपये परत करावेत. किट आपल्या खर्चाने घेऊन जावे. ‘सर्व डीआय इंजिनांना चालते’ हे वाक्य जाहिरातीतून काढावे आणि ज्या अल्टरनेटरला व्हॅक्यूम पंप आहे तिथे हे किट बसवू नये, असे मराठी आणि हिंदीत ठळक छापावे. आणि आजवर ज्यांनी हे किट घेतले त्या प्रत्येकाला कळवावे. पत्ते आणि फोन नंबर आपल्याकडे आहेतच. पैशांपेक्षा ही शेवटची मागणी मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण सातपुड्यात अशा गाड्यांवरच लोक बाजाराला येतात.

ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ च्या कलम ८४ नुसार आखणीतला दोष आणि अपुऱ्या सूचना या दोन्हींसाठी उत्पादक जबाबदार धरला जातो. गाडी मालवाहतुकीची आहे म्हणून मी ग्राहक नाही, असे कृपया कळवू नये. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्याने ‘व्यावसायिक’ ठरत नाही, आणि ही गाडी मी स्वतः चालवतो. महिन्याभरात निवारण न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून नंदुरबारच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागेन. राहत्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा कायद्याने दिली आहे, आणि एवढ्या रकमेला शुल्कही नाही.

किट, जुने बोल्ट आणि झिजलेला बेल्ट माझ्याकडे जपून ठेवले आहेत. आपला माणूस तपासणीसाठी पाठवायचा असेल तर जरूर पाठवा, मिस्तरी आणि मी दोघे हजर राहू.

आपला,
एक ग्राहक
(नाव, पत्ता व ऑर्डर क्रमांक सोबतच्या बिलावर आहेत)

सोबत: बिलाची प्रत, व्हॉट्सॲप संदेश, दोरा व फूटपट्टी लावलेले फोटो, उघडलेल्या अल्टरनेटरचे फोटो, दुरुस्तीच्या पावत्या.