कपाटापर्यंत जाऊ द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१५ ऑक्टोबर हा डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस आपल्या राज्यात ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून साजरा होतो आणि त्या सुमारास ‘आजची तरुण मुले वाचत नाहीत’ अशा आशयाचे लेख आणि पत्रे हमखास वाचायला मिळतात. मी वीस वर्षांची आहे, पुण्यातील एका महाविद्यालयात वाणिज्य शाखेच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि कथा-कादंबऱ्यांवाचून माझा एकही आठवडा जात नाही. माझ्यासारखी मुले-मुली माझ्या ओळखीत पुष्कळ आहेत. आमची अडचण इच्छेची नसून आम्हाला पुस्तकांच्या कपाटापर्यंत जाऊ दिले जात नाही ही आहे, आणि त्या सगळ्या चर्चेत तिचा उल्लेख कुठेच येत नाही.

माझा दिवस सांगितला तर अडचण नीट लक्षात येईल. सकाळी सव्वासातला पहिला तास असतो आणि बारा वाजता महाविद्यालय सुटते. मेसमध्ये जेवून मी एका कर सल्लागारांच्या कार्यालयात जाते आणि सहापर्यंत टॅलीवर नोंदी करते. महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आधी जीएसटीच्या विवरणपत्रांची घाई असते, तेव्हा सातही वाजतात. नारायण पेठेत तीन मुलींच्या खोलीत मी कॉट बेसिसवर राहते आणि नऊच्या आत तिथे पोहोचावे लागते. म्हणजे वाचनालयात जाण्यासाठी माझ्याजवळ संध्याकाळचा तास-दीड तास उरतो. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात घरी न्यायची पुस्तके दुपारी एक ते चार या वेळात मिळतात, ती माझ्या कामाची वेळ. तरीही सुट्टी काढून मी तिथे गेले आहे. तिथली पद्धत अशी, की खिडकीवर चिठ्ठी द्यायची, तिच्यावर पुस्तकाचे आणि लेखकाचे नाव लिहायचे आणि शिपाई पुस्तक आणून देईपर्यंत थांबायचे. पहिल्या वर्षी मी एका कादंबरीचे नाव लिहून दिले, तेव्हा ‘कॉमर्सच्या मुलांना कादंबरी कशाला लागते?’ असे विचारून चिठ्ठी परत देण्यात आली. त्या प्रश्नाचे मला वाईट वाटले, पण त्याहून मोठे दुखणे त्या चिठ्ठीतच आहे. चिठ्ठीवर तेच पुस्तक मागता येते, ज्याचे नाव आधीच ठाऊक असते. मला जी पुस्तके प्रिय झाली, त्यांपैकी बहुतेकांची नावे मला हातात घेईपर्यंत ठाऊक नव्हती.

माझे गाव करमाळा तालुक्यात, उजनीच्या फुगवट्याकाठी आहे. शासनमान्य ग्रंथालयांची अ, ब, क, ड अशी जी वर्गवारी असते, तीत आमचे गावचे वाचनालय शेवटच्या वर्गातले. एक खोली, पाच लोखंडी कपाटे आणि संध्याकाळी दोन तास येणारे ग्रंथपाल काका, एवढाच त्याचा पसारा. काका पाचही कपाटे उघडून ठेवत आणि आम्हा पोरांना ‘बघा, पण ज्या खणातलं त्याच खणात ठेवा’ एवढेच सांगत. कपाट उघडले की डांबराच्या गोळ्यांचा वास यायचा, आणि अजूनही तो वास कुठे आला की मला एकदम वाचावेसे वाटते. आठवीत असताना व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ मी तिथून उचलली, ती मुखपृष्ठावरच्या नावात ‘वाडी’ होते म्हणून. आमच्यासारख्याच कोरड्या मुलखात मेंढरे राखणाऱ्या माणसांच्या वस्तीवर एक कोवळा मास्तर येतो, एवढ्या साध्या गोष्टीचे पुस्तक होऊ शकते, हे मला त्या दिवशी कळले. कोणी सुचवले असते, तर कदाचित मी ते अभ्यासाचे म्हणून बाजूला ठेवले असते.

पुण्यात आल्यावर पेठेतल्या एका सार्वजनिक वाचनालयाची मी सभासद झाले. अनामत भरताना थोडी ओढाताण झाली, पण तिथे सभासदांना आत जाता येत होते. साडेसहाला पोहोचायचे, दप्तर खुंटीला लावायचे आणि आठ वाजता दिवे मालवेपर्यंत कपाटांच्या बोळांमधून फिरायचे, असे माझे दीड वर्ष गेले. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ मला अशीच मिळाली. दुसरे काही शोधत असताना दोन जाडजूड ग्रंथांच्या मध्ये ते बारीक पुस्तक आत सरकलेले दिसले आणि परीक्षा जवळ आली आहे, हे लवकर संपेल, एवढ्याच विचाराने मी ते घेतले. १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कादंबरीत दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर युरोपातून मुंबईकडे निघालेल्या बोटीवर एक मराठी तरुण आणि एक ज्यू तरुणी एकमेकांच्या प्रेमात पडतात, आणि त्यांना मिळतात ते मोजके दिवस. मी ती एका रात्रीत खोलीबाहेरच्या जिन्यात बसून वाचली, कारण मैत्रिणी झोपल्या होत्या. त्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी डकवलेली होती. तिच्यावर माझ्या तारखेच्या आधीचा शिक्का अकरा वर्षांपूर्वीचा होता.

पुस्तक परत केले, तेव्हा माझे मेसचे कूपन त्यात राहून गेले. पंधरवड्यानंतर एका मुलाने ते ग्रंथपालबाईंमार्फत मला परत केले. परत आलेल्या पुस्तकांच्या टेबलावर ते सडपातळ पुस्तक पाहून माझ्यापाठोपाठ त्याने ते घरी नेले होते. तो भौतिकशास्त्र शिकतो. पहिल्याच दिवशी आम्ही त्या कादंबरीच्या नायकावरून भांडलो. मला त्याचे वागणे दुबळे वाटले होते, आणि याचे म्हणणे होते की त्या काळात, त्या बोटीवर, कोणाच्याही हातात फार काही नव्हते. ते भांडण अजून मिटलेले नाही. आज मी त्याच्यावर प्रेम करते आणि हे लिहिताना मला संकोच वाटत नाही. आम्हा दोघांकडेही हॉटेलात बसून बोलायला पैसे नसतात. घरी अजून सांगितलेले नाही आणि पेठेतल्या रस्त्यांवर उभे राहून बोलायला धीर होत नाही. या एवढ्या मोठ्या शहरात आम्हाला फुकट, मानाने आणि दिव्याच्या उजेडात शेजारी उभे राहता येईल अशी एकच जागा होती, ती चरित्रे आणि प्रवासवर्णने यांच्या मधला बोळ. तो वरच्या खणातले पुस्तक काढून माझ्या हातात द्यायचा, मी दोन ओळी हलक्या आवाजात वाचायची, आणि दोघांपैकी एकाच्या नावावर ते घरी जायचे. दोघांची मिळून दोन पुस्तके, आठवड्याने अदलाबदल. माझ्या निम्म्या वाचनाला तो कारण आहे आणि त्याच्या निम्म्या वाचनाला मी.

गेल्या जूनपासून हे सारे बंद झाले आहे. त्या दालनातली निम्मी कपाटे मागच्या खोलीत एकमेकांना चिकटवून लावली गेली आणि मोकळ्या जागेत अभ्यासिकेची टेबले आली. आता तिथेही खिडकी आहे आणि चिठ्ठी आहे. मी एकदा कादंबरी घेऊन अभ्यासिकेत बसले, तेव्हा ‘इथे फक्त परीक्षेचा अभ्यास करायचा’ असे सांगून मला उठवण्यात आले.

अभ्यासिकेविषयी माझ्या मनात राग नाही. स्पर्धा परीक्षांसाठी गावागावांतून पुण्यात आलेली मुले बारा-बारा तास त्या खुर्च्यांवर बसतात. माझा मामेभाऊ त्यांच्यातलाच आहे आणि त्याच्या खोलीवर पंख्याखाली वही उघडी ठेवण्याइतकीही जागा नाही. त्यांच्या शुल्कातून वाचनालयाचे वीजबिल भरले जाते, हेही मला तिथल्या कर्मचाऱ्यांनी सांगितले आणि ते मला पटते. कपाटे उघडी ठेवली की पुस्तके भलत्या खणात जातात, काही चोरीला जातात आणि लावायला माणसे नसतात, ही त्यांची तक्रारही खरी आहे. पण जे पुस्तक कोणाच्या नजरेलाच पडणार नाही, ते चोरीला गेले नाही तरी वाचकाच्या दृष्टीने हरवलेलेच असते.

ज्यांचा जन्मदिवस, १२ ऑगस्ट, आपल्याकडे ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो, ते डॉ. एस. आर. रंगनाथन मुळात गणिताचे प्राध्यापक होते. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतला दुसरा नियम प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे असे सांगतो आणि तिसरा प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा असे. हा तिसरा नियम पाळायचा तर वाचकाला कपाटांमध्ये मोकळेपणाने फिरू द्यावे, म्हणजे मुक्तद्वार पद्धत ठेवावी, यावर त्यांचा भर होता. याला आता नव्वदहून अधिक वर्षे झाली. ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे नियम आजही शिकवले जातात, आणि तरीही माझ्या महाविद्यालयात मी तीन वर्षांत एकाही कपाटाला हात लावलेला नाही.

माझी मागणी मोठी नाही. सार्वजनिक वाचनालयांनी आठवड्यातून निदान दोन संध्याकाळी, साडेसहा ते आठ, ललित साहित्याची कपाटे सभासदांसाठी उघडी ठेवावीत. अभ्यासिकेत एक बाक असा असावा, की जिथे बसणाऱ्याला ‘हे कोणत्या परीक्षेचे पुस्तक?’ असे कोणी विचारणार नाही. महाविद्यालयांनी शनिवारी दुपारी तरी शाखा न पाहता विद्यार्थ्यांना आत सोडावे. पुस्तके जागेवर लावायला माणसे नाहीत, यावर आमच्याकडे उपाय आहे. मी, माझा मित्र आणि माझ्या खोलीतल्या दोघी असे चौघे जण दर रविवारी सकाळी दोन तास हे काम विनामोबदला करायला तयार आहोत. खणांवरचे क्रमांक मला दीड वर्षाच्या सवयीने ठाऊक आहेत, आणि ज्या खणातले पुस्तक त्याच खणात ठेवायचे, हे मी लहानपणीच शिकले आहे. तसा लेखी अर्ज आम्ही वाचनालयाच्या कार्यालयात दिला आहे. त्याला अजून उत्तर आलेले नाही. वार्षिक सर्वसाधारण सभेपूर्वी पदाधिकाऱ्यांनी तो वाचावा, एवढ्यासाठी आपण या पत्राला जागा द्यावी, ही विनंती.

आपली,
एक विद्यार्थिनी, नारायण पेठ, पुणे