रायफलला पाना लावताना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रायफलच्या देखभालीवर लिहिणारे बहुतेक जण तेल, ब्रश आणि चिंध्या यांच्या पुढे जात नाहीत. पान्यांचा विषय निघालाच, तर ‘योग्य पाना वापरावा’ एवढ्या वाक्यात तो उरकतात. योग्य म्हणजे कोणता, ते कुणी सांगत नाही. खाचा खाल्लेला नट किंवा डोकं गोल झालेला स्क्रू हातात आला, की तो गोळ्या झाडून झिजलेला नसतो. कुणीतरी चुकीच्या हत्याराने त्याला हात लावलेला असतो. म्हणून हे पत्र.

पाना हातात घेण्याआधी मॅगझिन काढा, चेंबर (गोळी बसते ती पोकळी) डोळ्यांनी पाहा, बोटाने चाचपा आणि बोल्ट (चेंबर बंद करणारा सरकता भाग) बाहेर काढून ठेवा. हे झाल्याशिवाय हत्यारांच्या पेटीला हात लावू नये.

पान्याची पहिली कसोटी म्हणजे तो खाच किती भरतो. एआर-१५ पद्धतीच्या रायफलीत दस्ता ज्या नळीवर बसतो तिच्यावर कॅसल नट, म्हणजे ती नळी जागी धरणारा गोल नट, असतो आणि त्याच्या कडेला खाचा असतात. स्वस्तातल्या ‘सगळं एकात’ पान्याला त्यासाठी बरेचदा एकच दात असतो. सगळा जोर त्या एका दातावर येतो, पाना तिरका होतो, दात खाचेतून वर सरकतो आणि कड चेपून जातो. तीन दातांचा पाना तोच जोर तीन जागी वाटतो, शिवाय नटाच्या पातळीत बसून राहतो. विकत घेताना पाना नटावर बसवून हलवून पाहावा. हातात खडखड जाणवली तर तो परत ठेवावा. या नटाला साधारण ५१ ते ५७ न्यूटन-मीटर (पीळ मोजण्याचं एकक) जोर लागतो. मग नटाला लागून असलेल्या पट्टीचा थोडा धातू पंचने नटाच्या लहान खाचेत ढकलून तो पक्का करतात. ही शेवटची पायरी गाळली, तर नट सावकाश सैल होतो आणि दस्ता फिरायला लागतो.

इथेच पुष्कळांचा हिशेब चुकतो. टॉर्क पान्याला, म्हणजे ठरवलेला पीळ बसला की ‘टक’ आवाज करणाऱ्या पान्याला, पुढे आणखी पाना जोडला, की दांडा लांबतो आणि त्यावरचा आकडा खरा राहत नाही. समजा, टॉर्क पान्याच्या चौकोनी टोकापासून मुठीपर्यंतचं अंतर ४०० मिलिमीटर आहे आणि जोडलेला पाना त्याच रेषेत ७५ मिलिमीटर पुढे जातो. नटावर ५५ न्यूटन-मीटर हवे असतील, तर ५५ ला ४०० ने गुणून ४७५ ने भागायचं. उत्तर येतं सुमारे ४६. पाना तेवढ्यावर लावायचा. गणित न करता ५५ वर लावला, तर नटावर ६५ जातात, म्हणजे मर्यादेच्या बाहेर. एवढी आकडेमोड नको असेल, तर जोडपाना टॉर्क पान्याला काटकोनात लावावा. त्या स्थितीत आकडा जवळपास तसाच राहतो.

गोळी जाते त्या नळीला रायफलच्या अंगाशी जोडणाऱ्या नटाचं, म्हणजे बॅरल नटाचं, प्रकरण जरा वेगळं. मूळ लष्करी पद्धतीच्या नटाला गोल कडेने दाते असतात आणि त्यांच्यामधून गॅसची नळी जाते. म्हणून आधी ३० फूट-पाउंड, म्हणजे सुमारे ४१ न्यूटन-मीटर, लावायचे आणि मग दोन दात्यांमधली फट गॅस नळीच्या भोकासमोर येईपर्यंत पुढेच आवळायचं. वरची मर्यादा ८० फूट-पाउंड. भोक जुळवायला नट मागे कधीही फिरवू नये. आट्यांना मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं ग्रीस लावावं. ग्राफाइटचं लावू नये, कारण त्याने अॅल्युमिनियमला गंज चढतो. नंतर दुसऱ्या कंपनीचा हँडगार्ड (नळीभोवतीची हाताची पकड) बसवला असेल, तर त्याचा नट बहुधा वेगळ्या आकाराचा असतो आणि त्याच्यासोबत आलेलाच पाना त्याला लागतो. एक पाना सगळ्या नटांना चालेल, ही आशा सोडून द्यावी.

कुठे पकडायचं, हे कशाने फिरवायचं याइतकंच महत्त्वाचं. नळीच्या तोंडावरचा भाग काढता-लावताना रिसीव्हर (रायफलचा मधला धातूचा सांगाडा) व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलाच्या शिकंज्यात, धरला, तर सगळा पीळ नळीच्या मागच्या बारीक पिनेवरून अॅल्युमिनियमच्या खाचेत उतरतो आणि खाच रुंदावते. या कामाला नळीच धरायची, तीही व्हाइसच्या दातांमध्ये नरम ठोकळे घालून. एके (कलाश्निकोव्ह) जातीच्या रायफलीत तोंडावरचे १४ मिलिमीटरचे आटे बहुधा उलटे असतात, हे विसरून सैल करण्याच्या नादात आणखी आवळणारे कमी नाहीत.

जुन्या ली-एनफील्ड या ब्रिटिश रायफलीचा दस्ता काढतानाही अशीच फसगत होते. दस्त्यातल्या लांब बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं. पुढचं लाकूड न उतरवता मागून स्क्रूड्रायव्हरने बोल्ट फिरवला, की लाकूड तडकतं. तिथे हत्यार अचूक असतं, चुकतो तो क्रम.

लहान स्क्रूंना मोठा टॉर्क पाना चालत नाही. २० ते २०० न्यूटन-मीटरच्या पान्यावर ५ लावायला जागाच नसते. सर्वसाधारणपणे पान्याच्या पट्ट्याचा खालचा पाचवा भाग विश्वासाचा धरत नाहीत. दुर्बिणीच्या रिंगांना साधारण २ न्यूटन-मीटर पुरतात. त्याहून आवळलं तर दुर्बिणीच्या नळीवर वळ उठतो. साध्या लाकडी दस्त्यात रिसीव्हर आवळून धरणाऱ्या अॅक्शन स्क्रूला ४ ते ५, आत अॅल्युमिनियमचा ठोकळा असेल तर सुमारे ७. बनवणाऱ्याने पुस्तिकेत वेगळा आकडा दिला असेल, तर तोच खरा. यासाठी इंच-पाउंडात मोजणारा टॉर्क स्क्रूड्रायव्हर घ्यावा आणि एकक दोनदा वाचावं. १ फूट-पाउंड म्हणजे १२ इंच-पाउंड. ६५ इंच-पाउंडच्या जागी ६५ फूट-पाउंड लावले, तर स्क्रू तुटेल नाहीतर आटे जातील.

अॅलन की निवडतानाही जपावं. ३/१६ इंच म्हणजे ४.७६ मिलिमीटर. ही की ५ मिलिमीटरच्या खोबणीत सहज शिरते, फिरतेही, आणि दोन-तीन वेळात खोबणी गोल करून ठेवते. गोल डोक्याची की स्क्रू भराभर फिरवायला सोयीची, पण शेवटचा जोर सरळ टोकाच्या कीनेच द्यावा. खाचेच्या स्क्रूंना निमुळत्या पात्याचा घरगुती स्क्रूड्रायव्हर खाचेच्या वरच्याच कडेला टेकतो आणि जोर लागला की बाहेर उसळतो. पात्याच्या दोन्ही बाजू समांतर असाव्यात आणि त्याची रुंदी खाचेइतकी.

टॉर्क पान्याने नट सैल करू नये, काम झाल्यावर तो सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवावा. ‘टक’ ऐकू आलं की थांबावं. खात्रीसाठी पुन्हा ओढणं म्हणजे जास्तीचा जोर. १२ महिन्यांनी किंवा ५,००० वेळा वापरल्यावर, जे आधी होईल तेव्हा, तो तपासून घ्यावा. तेल लावलेल्या आट्यांवर घर्षण कमी होतं, त्यामुळे त्याच आकड्याला स्क्रू जास्त ताणला जातो. पुस्तिकेतला आकडा कोरड्या आट्यांसाठी आहे की तेलाच्या, ते आधी पाहावं.

आवळून झाल्यावर स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या भागावर रंगाची एक बारीक रेघ ओढावी. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली, की कोणता स्क्रू हलला हे पाना न लावताच कळतं.

आपला,
एक नियमित वाचक