तीच साडी, बारा दिवसांनी

महोदय,

रविवारच्या पुरवणीत फॅशन स्टायलिंगमधून मालिका-सिनेमाच्या वेशभूषेकडे वळू पाहणाऱ्या मुलींसाठी लेख होता. पोर्टफोलिओ चांगला असला की पुढचं आपोआप जमतं, असा त्याचा सूर. मी याच वाटेने गेले, म्हणून हे पत्र.

सात वर्षं मी राम मारुती रोडवरच्या दुकानांचे कॅटलॉग आणि लग्नांचं स्टायलिंग केलं. कॅटलॉगच्या कामाचा नियम सोपा: दुकानातून कपडे उचलायचे, टॅग आत खोचायचा, शूट झालं की इस्त्री करून परत. घोडबंदर रोडच्या एका सेटवर मालिका मिळाली आणि पहिल्याच आठवड्यात मी तेच केलं. नायिका मोरपिशी साडी नेसून घराबाहेर पडते, हे आम्ही मंगळवारी येऊरला टिपलं. बुधवारी साडी दुकानात परत. बारा दिवसांनी कळलं, कथेत तीच बाई त्याच संध्याकाळी, त्याच साडीत घरात शिरणार आहे! दुकानदार म्हणाला, "ताई, ती कालच गेली." उल्हासनगरला तशीच दुसरी मिळाली, पण काठ बोटभर रुंद. अख्खा सीन क्लोजअपमध्ये उरकावा लागला. दिग्दर्शक काय बोलले, ते छापता येणार नाही.

मला सावरलं ते आमच्या ड्रेसदादांनी, म्हणजे सेटवर कपडे सांभाळणाऱ्या दादांनी. त्यांच्याकडे शाळेच्या वहीसारखी वही असते. सीनचा आकडा, बांगड्या किती, पदर पिन केलेला की मोकळा, पिन कुठल्या बाजूला. मोबाईलवर फोटो असतातच, पण पदराआड काय दडलंय ते फोटोत दिसत नाही, वहीत असतं.

कपडे जुने करणंही त्यांच्याकडूनच शिकले. आईच्या भूमिकेसाठी मी कडक इस्त्रीची सुती साडी आणली होती. दादांनी ती तीनदा धुतली, चहाच्या पाण्यात बुडवली आणि पदराला जिथे ओले हात पुसले जातात तेवढाच भाग पॉलिश पेपरने घासला. आता मी चरईतल्या ओळखीच्या घरांतून वापरलेल्या साड्या मागते आणि बदल्यात नव्या देते. आई म्हणते, शिकूनसवरून बोहारीण झालीस.

लेखात भानू अथैया यांचा उल्लेख होता, तो ऑस्करपुरता. 'गांधी'साठी १९८३ मध्ये ऑस्कर मिळवणाऱ्या या कोल्हापूरच्या बाई मुळात फॅशनमधूनच आल्या होत्या. नियतकालिकांसाठी फॅशनची रेखाटनं करत. ज्या मुलींसाठी लेख लिहिला, त्यांना सांगण्यासारखं होतं ते नेमकं हेच!

पैशांबद्दलही लेख गप्प. स्टायलिंगचे पैसे मला आठवड्याभरात मिळत. मालिकेत माझ्या वाट्याला ९० दिवसांची रीत आली. तोवर शिंपी, लाँड्री, फॉल-पिको सगळं पदरचं. निदान तीन महिने निभतील एवढे पैसे बाजूला ठेवूनच मुलींनी या कामात उतरावं.

पुढचा लेख कराल तेव्हा नामवंत डिझायनरबरोबर एखाद्या ड्रेसदादांशीही बोला. आमचे दादा रात्री नऊनंतर, पॅकअप झालं की मोकळे असतात. बोलतीलही, पण साड्यांच्या घड्या घालता घालता.

— एक वेशभूषाकार, चरई, ठाणे