आक्षेप दुसराच हवा

औद्योगिक संघटना म्हणजे सत्कार आणि स्नेहभोजने, हा रविवारच्या अंकातील लेखाचा सूर एकांगी वाटला. (स्नेहभोजने होतात, हे खरे.) पण बडोद्याजवळच्या नंदेसरी औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या रसायन कारखान्याला सांडपाणी शुद्धीकरणाचा स्वतंत्र प्रकल्प परवडत नाही, तिथे सामायिक प्रकल्प चालतो तो कारखानदार एकत्र आले म्हणूनच. बडोद्याचे औद्योगिक सांडपाणी खंभातच्या आखाताकडे नेणारी, 1983पासूनची सुमारे 55 किलोमीटरची वाहिनी चालवणे हेही एकट्यादुकट्याचे काम नव्हे. आक्षेप घ्यायचाच तर वेगळा घ्यावा. ही वाहिनी ज्यांच्या शेतांजवळून जाते, त्या शेतकऱ्यांनाही संघटनांच्या बैठकीत बसवायला हवे. पाणीतपासणीचे अहवाल वाहिनीच्या वाटेवरील पादरा, जंबुसर तालुक्यांतल्या ग्रामपंचायतींत गुजरातीतून लावायला फारसा खर्च येत नाही.

– एक लघुउद्योजक, मकरपुरा, बडोदे