बागेवरच्या साड्या फेकू नका

नाशिक,
मार्चअखेर

ती. आई आणि नाना,
सा. न. वि. वि.

मी इकडे मजेत आहे. खोलीवरचा पत्रा दुपारी तापतो, म्हणून संध्याकाळपर्यंत कॉलेजच्या लॅबमध्येच बसते. डबा चांगला लागलाय, जेवणाची काळजी करू नका. फोनवर आपलं बोलणं होतंच, पण नाना दोन मिनिटांत "बरं, ठेवतो" म्हणतात आणि मला जे सांगायचंय ते तेवढ्यात मावणारं नाही. नाना, हे आईला मोठ्याने वाचून दाखवा. तिच्या डोळ्यांना ताण नको.

होळीला आले होते तेव्हा नाना, तुम्ही माझी पेटी उघडून बघितलीत. आत वीतभर कापडाचे चौकोन, प्रत्येकाला टाचलेली चिठ्ठी. तुम्ही दोन-चार उलटेपालटे करून विचारलंत, "इतके महिने शिकतेस, एक झबलं तरी पुरं झालं का?" तुम्ही रागाने विचारलं नव्हतं, हे मला कळतं. चांगली नोकरी सोडून या वयात कापड आणि टाके शिकायला पुन्हा कॉलेजला गेलेल्या मुलीची काळजी त्यात होती. घरात पाहुणे होते, बोलणं राहून गेलं. मनात मात्र तो प्रश्न तेव्हापासून आहे.

नाना, तुम्ही देठ परीक्षण करता ना? बागेतून फिरत ठराविक पानांचे देठ तोडायचे, प्रयोगशाळेत पाठवायचे आणि रिपोर्ट येईपर्यंत खताच्या गोणीला हात लावायचा नाही. त्या देठांना द्राक्षं लागत नाहीत, पण अख्ख्या बागेचा डोस त्यांच्यावर ठरतो. माझे चौकोन म्हणजे ते देठ आहेत. कापड, दोरा, सुई आणि टाका यांचं एकमेकांशी जमतं की नाही, हे सहा इंचांत कळलं तर सहा मीटर वाया जात नाही. म्हणून प्रत्येक चिठ्ठीवर लिहिलेलं असतं: कापड कोणतं, पन्ह्यातून उभं कापलं की आडवं की उरेब म्हणजे तिरकं, सुईचा नंबर, इंचात टाके किती, धुण्याआधीचं माप आणि धुतल्यानंतरचं.

आता तुमच्याच बागेची गोष्ट सांगते. मागच्या हंगामात उन्हापासून मण्यांना जपायला तुम्ही बागेवर जुन्या साड्या टाकल्या होत्या, गठ्ठ्याने आणलेल्या. काढणीनंतर उतरवल्या तेव्हा त्यातल्या काही मी मागून घेतल्या. तुम्हाला वाटलं असेल, पोरगी चिंध्या कशाला नेते. त्यातली एक जांभळी साडी आहे, पांढऱ्या बारीक फुलांची. तारेवर जिथे दुमडून बांधली होती तिथे आतल्या घडीत मूळ जांभळा रंग जसाच्या तसा आहे. घडीच्या बाहेर आलं की तो राखाडी होतो, आणि मधल्या बोटभर पट्टीत जांभळ्यापासून राखाडीपर्यंतच्या सगळ्या छटा आहेत. असा उतरता रंग आम्हाला रंगकामाच्या तासाला मुद्दाम आणायला सांगतात आणि तो जमता जमत नाही. तुमच्याकडे उन्हाने आपोआप आणलाय.

पण उन्हाने नुसता रंग नेलेला नाही. सूत रेणूंच्या ज्या लांब लांब साखळ्यांचं बनलेलं असतं, त्याच साखळ्या उन्हातले अतिनील किरण तोडत जातात. घडीतला भाग मी दोन्ही हातांनी ओढला, तो फाटला नाही. राखाडी भाग चिमटीत धरला आणि कागदासारखा टर्रकन गेला. एकाच साडीत पक्कं कापड आणि मेलेलं कापड शेजारी शेजारी! मग माझा प्रश्न असा की मेलेल्या कापडाला कोणता टाका जगवेल?

आधी सगळ्यांना वाटतं तसं मलाही वाटलं की कच्च्या कापडाला घट्ट, जवळजवळ टाके हवेत. नमुन्यांनी उलटं सांगितलं. जाड सुईने बारीक उलटी टीप घातली की भोकांची रांग तयार होते आणि तिकीट फाडावं तसं कापड त्या रांगेवरूनच सुटतं. पॉलिएस्टरचा मजबूत दोरा वापरला तर आणखी वाईट, ताण आला की दोरा शाबूत राहतो आणि कापड चिरतं. टिकला तो बारीक सुईचा, मऊ सुती दोऱ्याचा, जरा लांब धावदोरा, खाली जुन्या सुती धोतराचं अस्तर घेऊन. मॅडमनी नमुना बघून सांगितलं की म्युझियममधली जुनी वस्त्रं सांभाळणारेही हाच नियम पाळतात: दोरा कापडापेक्षा थोडा कच्चा असावा. तुटला तर दोरा तुटू दे, तो पुन्हा घालता येतो.

या साड्या कसल्या आहेत हेही तपासलं. धागा काढून चिमट्यात धरून जाळायचा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि हलकी राख उरते. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो. पॉलिएस्टर आक्रसतं, वितळतं आणि शेवटी काळा टणक मणी होतो. बागेवरच्या बहुतेक साड्यांचा असा मणीच झाला. नाना, तुम्ही जन्मलात तेव्हा हे सूत अगदी नवं होतं. १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये विनफील्ड आणि डिक्सन या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी ते शोधलं. आज आपल्या गावात ज्या घरात ते नाही असं घर सापडणार नाही.

कॉलेजात पुष्कळ जण पॉलिएस्टरला नाकं मुरडतात. मला ते पटत नाही. जे कापड आपल्या आयाबाया रोज नेसतात त्याचा अभ्यास करायचा नाही, तर कशाचा करायचा? शिवाय त्याच्यात एक गुण आहे जो सुती कापडात नाही. आई, हे तुला आवडेल. साडीच्या घडीतल्या चांगल्या तुकड्यात मी हरभऱ्याचे दाणे एकेक करून घातले, बांधणीला बांधतात तसे दोऱ्याने आवळले आणि ते गाठोडं कुकरच्या भांड्यात वाफेवर ठेवलं. पूर्ण गार झाल्यावर दोरे कापले, दाणे काढले. फुगे जागच्या जागी! पाण्यात बुडवलं, पिळलं, तरी हलले नाहीत. साधारण सत्तर-ऐंशी अंशांच्या वर हे सूत नरम पडतं आणि गार होताना ज्या आकारात असेल तो आकार धरून बसतं. हेच सुती कापडावर केलं तर पहिल्या धुण्यात सगळं सपाट होतं.

टाक्यांपैकी साखळी टाका नानांच्या रोजच्या हातातला आहे. खताच्या गोणीचं तोंड ज्या मशीनवर शिवतात ते साखळी टाका घालतं. म्हणून बरोबर टोक सापडलं की एका झटक्यात सगळी शिवण सुटते आणि चुकीच्या टोकाने ओढलं की गाठ बसते. तुम्हाला ते टोक न बघता सापडतं, आम्हाला आमच्या वहीत त्याची आकृती काढावी लागते. आणि सहज सुटणारा हाच टाका उरेब कापडावर सगळ्यांत समजूतदार निघाला. उरेब तुकडा ओढला की कापड लांबतं. धावदोऱ्यात ढील नसते, तो तुटला. उलटी टीप थोडा वेळ तग धरून तुटली. साखळी मात्र कापडाबरोबर लांबली आणि सोडल्यावर परत आली.

आता गोधडीबद्दल. आई, पत्र लिहायला घेतलं ते खरं यासाठी.

तू गोधडीच्या आत कधी कोरं कापड घालू देत नाहीस. आत्याने एकदा नवं मांजरपाट आणलं होतं, स्वस्तात मिळालं म्हणून, तर तू ते बाजूला ठेवलंस आणि म्हणालीस, "आधी चार पावसाळे वापरा, मग आत घाला." मला तेव्हा तो तुझा हट्ट वाटायचा. आता मी त्याचं माप घेतलंय. खळ न काढलेलं कोरं मांजरपाट बारा इंचांचं कापून गरम पाण्यातून काढलं, तर उभ्या बाजूने सव्वाअकरा इंच राहिलं. मागावर ताणा, म्हणजे उभे धागे, घट्ट ओढलेला असतो, पाणी लागलं की तो ताण सुटतो आणि कापड आखडतं. तुझी बारा वर्षं धुतलेली सुती साडी तेवढ्याच पाण्यातून काढली, ती सुतभरही हलली नाही. आखडायचं ते सगळं तिने कधीच आखडून घेतलंय. जुन्या कापडांच्या मध्ये एक कोरा थर आला, तर तो एकटाच आत आखडतो आणि वरच्या थरांच्या सुरकुत्या पडतात. तुला हे कुणी मापून दाखवलं नव्हतं. तू हातांनी ओळखलंस.

मी मग तुझा नियम जाणूनबुजून मोडून पाहिला. वर बागेवरच्या साडीचं पॉलिएस्टर, जे गरम पाण्यात आखडत नाही. खाली कोरं मांजरपाट, जे आखडतं. दोन्ही एकमेकांना धावदोऱ्याच्या चौकटींनी शिवले आणि गरम पाण्यातून काढले. मांजरपाट आत ओढलं गेलं, पॉलिएस्टरला जायला जागा नाही, म्हणून प्रत्येक चौकटीत ते उशीसारखं वर आलं. अर्ध्या इंचाच्या चौकटीत फुगा टणक येतो, दोन इंचांच्या चौकटीत लोळतो, एक इंचाची चौकट मला सगळ्यांत चांगली वाटली. मधोमध राखाडी-जांभळी उतरती पट्टी येईल असा तुकडा घेतला, तर फुग्याच्या एका अंगाला ऊन आणि दुसऱ्या अंगाला सावली पडल्यासारखं दिसतं. माझं शेवटच्या वर्षाचं काम यावरच उभं करायचं ठरवलंय: बागेवरच्या साड्या आणि आपल्याकडची गोधडी.

धावदोरा म्हटलं की लोक सोपा म्हणतात. पण बंगालचा कांथा, बिहारची सुजनी, जपानचा साशिको, सगळे धावदोऱ्यावरच उभे आहेत. तुझी गोधडी त्यांच्याच रांगेतली आहे. तू कडेपासून सुरू करून चौकोनात फिरत आत जातेस, दोन ओळींत एका बोटाचं अंतर. मी तुझी जुनी गोधडी मोजली, ते अंतर कुठेच चुकलेलं नाही. मी पाव इंचावर ओळी घालून बघितल्या, कापड पुठ्ठ्यासारखं ताठ झालं. दीड इंचावर घातल्या, थर आत सरकायला लागले. बोटाचं अंतरच बरोबर आहे.

मध्ये आम्हाला येवल्याला पैठणीचे माग बघायला नेलं होतं. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते तुम्ही पेपरात वाचलं असेल. पदरावरचा मोर मागावरच विणतात, प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली, आणि दोन रंग जिथे भेटतात तिथे धागे एकमेकांत अडकवून परत फिरवतात. त्यामुळे मागे लोंबता धागा राहत नाही. आई, मला तिथे तुझी फार आठवण झाली, कारण कुणाचंही भरतकाम हातात आलं की तू आधी उलटं करून बघतेस.

आता कामाचं. आई, सोबत एक पिशवी पाठवतेय. त्यात तीन थरांचा शिवायला तयार कच्चा टाका घातलेला तुकडा आहे आणि सुया दोरा ओवूनच टोचून ठेवल्यात, तुला ओवायचा त्रास नको. तुझ्या पद्धतीने, तुझ्या अंतराने शिव. घाई नाही, दिवसाउजेडीच बस. शिवणं नको वाटलं तर तसाच परत दे, मला अजिबात वाईट वाटणार नाही. आणि त्या नमुन्याच्या चिठ्ठीवर तुझं पूर्ण नाव लिहू का, ते सांग. मला लिहायचं आहे.

आईच्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन खरड छाटणीच्या नावाखाली पुढे ढकलू नका. छाटणीच्या आठवड्यात मी येऊन राहते, मजुरांचा चहा-भाकरी मी बघेन. नाना, बीपीची गोळी रोज घ्या, बरं वाटतंय म्हणून सोडायची नसते.

आणि साड्या. या वर्षीच्या उतरवल्या की बोहारणीला देऊ नका, बांधावर जाळूही नका. पॉलिएस्टर जळताना निघणारा धूर छातीला वाईट. फवारणीच्या औषधाचा अंश त्यांच्यावर असतो, म्हणून घरात आणू नका आणि आईने हाताने धुवायला घेऊ नये. मी इथे हातमोजे घालून वेगळ्या धुते. कोरड्याच गोणीत भरा आणि पिकअप नाशिकला येईल तेव्हा त्यात चढवून द्या, मी इथल्या द्वारका चौकात उतरवून घेईन. उतरवताना गड्याला एवढंच सांगा की आकाशाकडची बाजू कोणती ते मार्करने एका कोपऱ्यात लिही, आणि तारेच्या घड्या उलगडू नकोस. रस्त्याकडच्या ओळीतल्या आधी पाठवा, त्यांनी सगळ्यांत जास्त ऊन खाल्लंय.

तुमची,
सुजा