दिल्ली पुण्यापेक्षा लांब नाही, बाबा

प्रिय आई, बाबा,

फोनवर दोनदा सांगायला घेतलं, पण आई लगेच "जेवलीस का" विचारते आणि मग पुढचं तोंडातून निघतच नाही, म्हणून लिहिते. दिल्लीला जायला मी हो कळवलंय. गणपतीची चवथ झाली की घरूनच निघेन. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं, माहीत आहे मला, पण विचारलं असतं तर आई "जा" म्हणाली असती आणि रात्रभर झोपली नसती.

बाबा, गोवा-दिल्ली विमानाने साधारण 1500 किलोमीटर, हवेत अडीच तास. तुम्हाला नुसतं हवेतलं गणित पटायचं नाही, म्हणून दारापासून धरते. फोंड्याहून मोपा विमानतळ दीड तास, तिथे दोन तास आधी, मग विमान, उतरून बॅग घेऊन रूमवर जायला अजून दीड. साडेसात तास झाले, आठ धरा. पुण्याहून मी रातराणीने येते तेव्हा अकरा-बारा तास जातात, घाटात उलट्या होतात त्या वेगळ्याच, आणि तरी तुम्ही सगळ्यांना सांगता पोर जवळच आहे. कधी काही लागलं तर सकाळी निघून दिवेलागणीला मी घरी, मागच्या पावसासारखं होणार नाही.

रूम चांगली आहे आई, गिझर आहे, मेट्रो जवळ. चित्तरंजन पार्कात बंगाल्यांचं मासळी मार्केट आहे, नदीचे मासे जास्त, पण नुस्त्याविना, मासळीविना राहणार नाही. उकडे तांदूळ नेते, पेज करीन.

बाबा, बोगमाळोच्या रस्त्याला स्कूटर लावून विमानं दाखवायचात आठवतं? विमान डोक्यावर आलं की मी कान झाकून तुमच्या शर्टात तोंड खुपसायचे, खिशातलं पेन गालाला टोचायचं. अजून विमान उठताना मला ते पेनच आठवतं.

आता ऐका. बीपीची गोळी चहाच्या आधी, नंतर नाही. कौलं बघायला शिडीवर चढायचं नाही, माणूस बोलवा, पैसे मी पाठवते. माझ्याकडे यायचं ते फेब्रुवारीत, डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला धुकं असतं, विमानं तासन्तास लटकतात आणि आईचा गुडघा थंडीत धरतो. व्हीलचेअर मी तिकिटाबरोबरच सांगून ठेवीन, आई, त्यात लाजायचं काही नाही, किती चालावं लागतं तिथे. आणि निघताना तिकीट नीट वाचा, जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा, चुकीकडे गेलात तर विमान गेलंच समजा.

सुकं खोबरं माझ्या बॅगेत घालू नको आई, त्यात तेल असतं, पेट घेऊ शकतं म्हणून विमानात नेऊच देत नाहीत. सोलां, म्हणजे आमसुलं दे, लोणचं दे, ते मोठ्या बॅगेत जातं.

शुक्रवारी रात्री निघते, शनिवारी सकाळी घरी. गणपतीवरची फळांची माटोळी मी आल्यावरच बांधूया. तेव्हा काय रागवायचं ते रागवा बाबा, पण अबोला नका धरू.

तुमची,
बाय